खिडकीवरची चादर

प्रणितने तोंडात दोन खिळे धरले आणि तिसरा भिंतीत ठोकला. मातीची भिंत, खिळा सरळ आत जायच्या ऐवजी पोपडाच खाली पडला. त्याने जरा बाजूला सरकून पुन्हा ठोकला. मग नवी कोरी पांढरी चादर खिळ्यांना अडकवली, मागे येऊन पाहिलं, आणि जहाजावर पलंग आवरताना फिरवायचा तसा तळहात फिरवून तिच्यावरच्या घड्या मोडल्या. चादरीमागे धानाची ढोली, दोन सुपं, थोरल्या भावाची, मुखरूदादाची, मोडकी छत्री आणि केव्हाच मुदत संपलेली दिनदर्शिका, असं सगळं गडप झालं.

दारात भागीरथावहिनी उभी होती. पदराला हात पुसत तिने आधी चादरीकडे पाहिलं, मग पश्चिमेच्या खिडकीकडे.

"काय गा, चादर तिकडं काऊन टांगून राह्यला? ऊन तं ह्या खिडकीतून येते."

"उनासाठी नाई वो वयनी. फोनवर मांगचं दिसू नाई म्हून."

"मांगचं म्हंजे?"

"घर," प्रणित म्हणाला, आणि म्हणून झाल्यावर जीभ चावली.

वहिनीने "बरं" एवढंच म्हटलं. रागावली असती तर बरं झालं असतं. पण ती रागावणाऱ्यातली नव्हती. प्रणित अंगणवाडीत जात होता तेव्हा ती या घरात सून म्हणून आली, आणि त्याच वर्षी सासू तापाने गेली. तेव्हापासून त्याचं नाक पुसण्यापासून पुढचं सगळं तिनेच केलं होतं. तिला स्वतःचं मूल झालं नाही. ते दुःख ती करत असेल तर कुठे करत होती, हे सावली तालुक्यातल्या त्या गावात कोणालाही ठाऊक नव्हतं.

मुलाखत दुपारी होती. प्रणित बारा वर्षं प्रवासी जहाजांवर होता, आणि त्यातली बरीचशी सूटमध्ये, म्हणजे सगळ्यात महागड्या खोल्यांमध्ये पाहुण्यांची सेवा करण्यात गेली होती. दोन कंपन्या सोडून तो तिसरीत आला होता. आता या तिसऱ्या कंपनीला नव्या पोरांना शिकवणारा माणूस हवा होता. शिकवणाऱ्याला चार महिने जहाज आणि दोन महिने घर. आत्ता होतं ते नऊ महिने जहाज, आणि मग घरी आल्यासारखं करून परत. या जागेसाठी त्याने देवाला काय काय कबूल केलं होतं, ते त्यालाच माहीत. पगाराचं त्याला फारसं काही नव्हतं. त्याला ते दोन महिने हवे होते.

"मले सांगून पाह्य आधी," वहिनी चिंचांचं टोपलं घेऊन बसत म्हणाली. "समज मी मॅडम आहो. इचारतो तुले. कोन्त्या जहाजात कसं होतं?"

प्रणितला हसू आलं, पण तो समोर पाट घेऊन बसला.

"पयलं जहाज लई मोठं, मॅडम. दिवाळीच्या आधी सावलीच्या बाजारात जेवढी माणसं असतेत तेवढी सारी एका छपराखाली. सूटवाल्याइची लिफ्ट वेगळी, जेवणाची जागा वेगळी. खोलीत घंटी. घंटी वाजली का पळाचं. टावेलाचा हत्ती करून पलंगावर ठेवाचा. पाच मिनटं उशीर झाला का पावना तोंड फुगवते."

"लग्नातल्या याह्यासारखा, नवरदेवाच्या बापासारखा."

"तसाच. दिवसभर याही अन् रातभर याही. दुसरं जहाज जुन्या वळणाचं. आमाले काळा कोट, पांढरे हातमोजे. उशा किती परकारच्या आहेत त्याचं कार्ड. पावना बोलल्याबिगर आपण बोलाचं नाई. सारं कसं शांत. मयताच्या घरी असते तसं."

"मयताच्या घरी माणसं बोलतेत तरी," वहिनी म्हणाली. तिने चिंचोका काढून बाजूला टाकला. "अन् आताचं?"

"आता आहो त्या जहाजात घंटीच नाई."

"मंग बलावतेत कसे?"

"बलावाचं कामच नाई. आपल्याले आधीच समजलं पायजे. पावना कोन्त्या कुशीवर झोपते, पाण्यात लिंबू घेते का नाई, वाचता वाचता चष्मा कुठी ठेवते. तो खोलीत नसन तवा सारं करून ठेवाचं अन् निघून याचं. त्याले वाटलं पायजे का हे आपोआप झालं. आपण दिसाचं नाई."

"भुतासारखं."

"भुतासारखं," प्रणितने मान्य केलं. "पण भारी वाटते वयनी. तिन्हीत तेच भारी."

मॅडमचं सोंग वहिनीच्या चेहऱ्यावरून उतरलं होतं.

"अन् पावना जाते तवा?"

"आदल्या संध्याकाळी त्याले रंगाची पट्टी देतेत. ती बॅगेले बांधून बॅग दाराभाईर ठेवाची. सकाळी न्याहारी झाली का खोली खाली. दुपारी दुसरा पावना."

तिचा हात थांबला. "तिन्ही जहाजांत?"

"तिन्ही जहाजांत."

"पावन्याले सांगतेत, बॅग भाईर ठेव म्हून?"

"तारीख ठरलेलीच राहते वो वयनी. त्यालेबी मालूम असते."

"मालूम असन. पण सांगाची काय गरज?"

या घरात पाहुण्याला 'कधी जाणार' हे विचारत नसत. विचारणं म्हणजे दाराकडे बोट दाखवणं. वहिनीचा भाऊ एकदा मोहफुलांच्या हंगामात आला आणि आंबे पिकून संपेपर्यंत राहिला, तरी तिच्या किंवा मुखरूदादाच्या तोंडून तो प्रश्न निघाला नाही. पाहुण्याला काम सांगायचं नाही आणि तारीख विचारायची नाही, बस. या खेपेला प्रणित आला त्याच्या दुसऱ्या दिवशी दादा जेवता जेवता सहज म्हणाला होता, "मंग गा, आता कवा—" आणि वहिनीने त्याच्या ताटात वरणाची अशी धार धरली की भाताचं तळं झालं. दादा मुकाट्याने तळं उपसत बसला.

ते प्रणितने पाहिलं होतं. त्याला हसूही आलं होतं आणि कुठेतरी खुपलंही होतं. जहाजावरच्या त्याच्या जोडीदाराची आई फिलिपिन्समध्ये बसून भिंतीवर दिवस खोडायची. तो फोनवर ते सगळ्यांना दाखवायचा. प्रणितला कोणी विचारतच नसे. निघायच्या दोन दिवस आधी तो आपणहून सांगायचा, वहिनी मान हलवायची आणि चिवडा भाजायला घ्यायची. त्याने कुऱ्हाड उचलली तर ती हातातून काढून घेई. "राहू दे, थकून आला." विचारत नाहीत त्याअर्थी वाटही पाहत नसतील, असं त्याच्या मनात कधी कधी यायचं. असं वाटून घेतल्याबद्दल त्याला लाजही वाटायची. पण वाटायचं ते वाटायचंच.

दुपारी तो खुर्चीत बसला तेव्हा वर इस्त्रीचा पांढरा शर्ट होता आणि खाली लुंगी. घरात मोबाइलला रेंज मिळायची ती नेमकी त्याच खुर्चीपाशी, म्हणून खुर्ची हलवायची सोय नव्हती. लॅपटॉप फळीवर, कानात इअरफोन. पडद्यावरचं स्वतःचं चित्र त्याने झाकून टाकलं होतं, नाहीतर माणूस सारखा स्वतःलाच पाहत बसतो. मुखरूदादाला वहिनीने समोरच्या कडुनिंबाखाली बसवलं होतं, गल्लीतल्या पोरांना गप्प करायला. दादा ते काम तोंडावर बोट ठेवून, मन लावून करत होता. "अन् तू अंदर येऊ नको वयनी," असं प्रणितने दोनदा बजावलं होतं.

फर्नांडिस मॅडम मुंबईच्या कार्यालयातून बोलत होत्या. बोलणं इंग्रजीतून. बाई शांत होत्या, चष्मा कपाळावर सरकवून ऐकायच्या.

"तिन्ही कंपन्यांतला फरक सांगा," त्या म्हणाल्या.

सकाळची तालीम कामी आली. प्रणितने मोठ्या जहाजापासून सुरुवात केली. गर्दीतही सूटच्या पाहुण्याला आपण वेगळे आहोत असं वाटावं लागतं, म्हणून तिथे सगळं दिसेल असं, वाजेल असं करतात, असं त्याने सांगितलं. मग दुसरं जहाज. तिथे शिस्त उत्तम, पण पाहुणे स्वतःच्या खोलीतही हळू बोलायला लागतात. बोलता बोलता खिडकीतून उन्हाची एक पट्टी आली आणि त्याच्या डाव्या डोळ्यावर बसली. मे महिन्यातलं चारचं ऊन. त्याने डोळा बारीक केला, मान जरा वळवली, पट्टी मागे मागे आली. मग तो तिसऱ्या जहाजावर पोचला, ज्याबद्दल त्याला खरंच बोलायचं होतं, आणि उन्हाचं त्याला भान राहिलं नाही.

त्याचं बोलून झाल्यावर मॅडमनी चष्मा खाली घेतला.

"छान सांगितलंत. आता हे सांगा, तुम्ही स्वतः कधी सूटमध्ये राहिलात? पाहुणा म्हणून?"

"नाही, मॅडम. कर्मचाऱ्यांना तिथे—"

"नियम मला माहीत आहेत. जहाजच हवं असं नाही. कुठेही. कोणीतरी न सांगता तुमचं सगळं केलं, आणि तुम्हाला ते कळलंही नाही. असं कधी झालंय? टॉवेलाची घडी कोणीही शिकवेल हो. ज्याने ते स्वतः घेतलेलं नाही, तो द्यायला कसा शिकवणार?"

उशांच्या प्रकारांपासून दारावर टकटक करण्याच्या पद्धतीपर्यंत सगळ्याची उत्तरं प्रणितने तयार ठेवली होती. हे त्यात नव्हतं. ते दोन महिने डोळ्यांदेखत हातातून निसटताना त्याला दिसत होते.

"नाही, मॅडम," शेवटी तो खरं तेच म्हणाला. "तसं आठवत नाही."

"बरं. मग तुमच्या मागे कोण आहे ते सांगा."

"मागे कोणी नाही. भिंत आहे."

"आता भिंत आहे. तुम्ही सुरुवात केलीत तेव्हा पांढरा पडदा होता."

प्रणितने मागे वळून पाहिलं. चादर नव्हती. ढोली होती, सुपं होती, छत्री होती, आणि दिनदर्शिकेवरचा गणपती सरळ मुंबईच्या कार्यालयाकडे पाहत होता.

"एक बाई आल्या," मॅडम सांगू लागल्या. त्या हसत नव्हत्या, पण आवाज मऊ झाला होता. "दारात उभं राहून त्यांनी तुमच्याकडे पाहिलं. मग पाय न वाजवता पडदा काढून नेला. मग एक कोंबडी आली आणि मागच्या त्या मोठ्या टोपलीवर चढली. बाई वाकून आल्या, कोंबडीची चोच धरली आणि तिला काखेत घालून गेल्या. मग तुमच्या उजव्या हाताशी पाणी ठेवलं. तुम्ही दुसऱ्या जहाजावरून तिसऱ्या जहाजावर येत होतात, तेवढ्या वेळात हे झालं. आणि ते पाणी तुम्ही प्यायलातसुद्धा."

स्टुलावर पितळेचा लोटा होता. अर्धा रिकामा.

प्रणितने खिडकीकडे पाहिलं. त्याची पांढरी चादर ओली होऊन बाहेरून गजांवर पसरली होती. तिच्यातून उजेड येत होता, ऊन येत नव्हतं. खालच्या काठावरून पाणी टपकत होतं आणि ओल्या कापडातून येणारा वारा चेहऱ्याला गार लागत होता. डोळ्यावरची पट्टी केव्हा गेली, ते त्याला सांगता आलं नसतं.

"माझी वहिनी, मॅडम," तो म्हणाला. मग थांबला, आणि एकदा सुरू झाल्यावर थांबेना. "सकाळी मी उठायच्या आत न्हाणीत पाणी काढलेलं असतं. मी कुशीवर वळलो की पंख्याचं तोंड तिकडे झालेलं असतं. भाताची खरवड मला आवडते, ती माझ्या ताटात असते. भांड्यात बाकीच्यांसाठी उरली का, ते मी कधी पाहिलं नाही. मला वाटायचं घरात हे असंच असतं. आपोआप. मला इथे कोणी काम सांगत नाही. आणि बारा वर्षांत एकदाही कोणी विचारलं नाही, की तू कधी जाणार. कारण आमच्याकडे पाहुण्याला..."

पाहुणा. हा शब्द तो जहाजावर दिवसातून शंभरदा उच्चारायचा, दुसऱ्यांसाठी. ज्या घरात तो रांगला, त्या घरातल्या आपल्या जागेला तो शब्द लागू पडेल, हे त्याला आजवर सुचलं नव्हतं. ज्या सेवेचं तो एवढं कौतुक करत होता ती त्याला जन्मभर मिळाली होती, आणि ती घेता घेता तो या घरातला पाहुणा होऊन बसला होता. त्याला भरून आलं. तो कृतज्ञ होता, आणि त्याला रडूही येत होतं.

मॅडमनी चष्मा पुन्हा कपाळावर सरकवला.

"आपण तर आदल्या संध्याकाळी रंगाची पट्टी देतो," त्या म्हणाल्या.

"हो, मॅडम."

"ते काही मला बदलता येणार नाही. बाकीचं तुम्ही शिकवा. कागद पाठवते. ऑगस्टच्या शेवटी रुजू व्हा. चार महिने तिकडे, दोन महिने घरी. चालेल ना?"

जहाजावर जिभेवर बसलेली नम्र वाक्यं त्याने शोधली. एकही सापडलं नाही. त्याने नुसती मान हलवली.

घरामागच्या सांदवाडीत वहिनी आंब्याच्या सावलीत चिंचा घेऊन बसली होती. शेजारी उलट्या टोपल्याखाली कोंबडी कैदेत होती आणि निषेध नोंदवत होती. प्रणित लोटा भरून घेऊन आला.

"झालं?"

"झालं."

"भेटली?"

"भेटली. चार महिने तिकडं, दोन महिने इथी."

तिने चिंचेचे हात तसेच जोडले, वर पाहिलं. "माता मायची किरपा." मग त्याच्या चेहऱ्याकडे पाहून सावध झाली. "चादर काढली म्हून रागावला का गा? तुया डोयावर ऊन येत होतं. ते मॅडम पाह्यन का हा पोरगा डोया काऊन मारून राह्यला! बाकीच्या चादरी जाड आहेत, त्या लावल्या तं अंधार होते. पांढरीतून उजेड येते. अन् घर दिसलं तं दिसलं. चोरीचं आहे का?"

"नाई वो वयनी."

तो तिच्यासमोर बसला. तापलेल्या जमिनीवरून अनवाणी फेऱ्या मारून तिचे पाय धुळीने पांढरे झाले होते. त्याने लोट्यातलं पाणी तिच्या पायांवर ओतायला सुरुवात केली.

वहिनीने चटका बसल्यासारखे पाय ओढून घेतले. "अगा, येडा झाला का? मी का पावनी आहो?"

"नाई. मंग मी काऊन?"

ती बघत राहिली. त्याने नजर लोट्यावरच ठेवली.

"बारा वरसं झाले. मले कोनी इचारत नाई, कवा जातं म्हून. मले वाटे का..." काय वाटे ते त्याला म्हणवेना.

वहिनी बोटाला चिकटलेली चिंच अंगठ्याने घासत राहिली.

"इचारलं असतं तं तू तारीख सांगितली असती," ती म्हणाली. "मंग तू समोर बसून जेवत असता, अन् मले तेच दिसलं असतं. ज्या दिवशी आला, त्याच दिवसापासून. म्हून नाई इचारलं."

प्रणितने मान खाली घातली. तिने पाय पुन्हा पुढे केले नाहीत, पण मागेही नेले नाहीत. उरलेलं पाणी त्याने हळूहळू त्यांच्यावर ओतलं, आणि यावेळी तिने ओतू दिलं.

थोड्या वेळाने तिने चिंचांचं टोपलं जवळ ओढलं. चिंच सोलत, त्याच्याकडे न पाहता, रोजच्या आवाजात म्हणाली,

"बरं, सांग मंग. कवा जातं?"

"ऑगस्टच्या शेवटी."

तिने बोटांच्या पेरांवर अंगठा फिरवत काहीतरी मोजलं. "म्हंजे धानाच्या रोवण्याले इथीच आहे तू."

"इथीच."

"तं मंग उठ. पऱ्ह्याची, धानाची रोपं टाकाची जागा नांगराची आहे, तुया दादा एकटा पुरत नाई. सांग त्याले, उद्या सकाळी तू येतं म्हून. अन् तो निंबाखाली अजून तोंडावर बोट ठेवून बसला असन, त्याले उठव." तिने चिंचोका टाकला. "अन् लोटा घासून ठेव आधी. तसाच नको ठेवू."

"हो," प्रणित म्हणाला.

तो लोटा घेऊन मोरीपाशी गेला, मूठभर राख घेतली आणि घासायला बसला. लोटा सकाळीच घासलेला, लख्ख होता. तरी तो बराच वेळ घासत राहिला.